तीन हजार सालचं पाणी

आमच्या विधिमंडळात विधेयक मारण्याच्या कितीतरी रीती आहेत आणि त्यांतल्या एकीतही कुणाला विरोधात तोंड उघडावं लागत नाही. समितीपुढे घ्यायचंच नाही, ही सगळ्यात सोपी. घ्यावंच लागलं तर नेमकं त्या दिवशी अध्यक्षांना दाताच्या डॉक्टरकडे जायचं असतं. नाहीतर "उत्तम विषय आहे, अभ्यास करू" म्हणून ते अभ्यासाला पाठवायचं. तिथून आजवर कुणी परत आलेलं नाही. होनोलुलूतल्या एका छोट्या संस्थेत मी हेच बघत वीस-बावीस वर्षं काढली. जंगल, पाणी, मासे, पक्षी यांच्याबद्दलची जी विधेयकं जानेवारीत मांडली जातात, ती मे महिन्यापर्यंत कुठे पोहोचली, कुठे अडकली यावर मी डोळा ठेवते आणि ज्यांचं पोट त्यांवर आहे त्यांना कळवते. लोकांना वाटतं मी निसर्ग वाचवते. मी कसली वाचवते, मी कळवते.

मेल्विन काकांना मी असंच कळवत होते. ते माझे कुणी सख्खे नव्हेत, पण आमच्या बेटांवर वयाने मोठा माणूस काकाच असतो. वाईलोहीच्या खोऱ्यात त्यांचे अळूचे वाफे आहेत. त्यांच्या पणजोबांनी दगड रचून बांधलेले, एकातून दुसऱ्यात पाणी उतरत जाईल असे. अळूला नुसतं पाणी चालत नाही, वाहतं आणि गार पाणी लागतं. पाणी थांबलं की तापतं, तापलं की कंद आतून सडतो. वरून पानं हिरवीगार आणि उपटला की हातात लगदा. खोऱ्याच्या डोक्यावर एका साखर कंपनीने जुन्या काळी उसासाठी पाट काढून अख्खा ओढा वळवला होता. ऊस जाऊन जमाना झाला, तरी पाट चालूच होता. आता ते पाणी पलीकडच्या कोरड्या अंगाला बंगल्यांच्या हिरवळीवर पडतं. खाली काकांकडे ओढ्याच्या नावाने ओले दगड उरले होते. खोऱ्यात पूर्वी सगळेच अळू लावायचे. राहिले होते फक्त काका आणि त्यांची बायको, लेइनाला काकू.

विधेयक अगदी लहान होतं. कंपनीने पाणी घ्यावं, पण ओढा वाहता राहील एवढं त्यात सोडावं, बस. ते मांडलं होतं टेस नावाच्या तरुण आमदारबाईने. त्या खोऱ्यातूनच निवडून आलेली, मनाने चांगली. प्रत्येक सुनावणीला काका छोट्या विमानाने यायचे, इस्त्रीचा फुलाफुलांचा शर्ट घालून. मांडीवर बर्फाची पेटी. तिच्यात पोई, म्हणजे घरच्या अळूचे कंद उकडून, कुटून केलेली पेज, आंबूस, जांभळट. साक्ष झाली की समितीच्या दारातच शिपायापासून आमदारापर्यंत सगळ्यांना वाढायचे. "भाषण विसरतील," म्हणायचे, "चव नाही विसरणार." पाणी समितीचे अध्यक्ष ग्लेन फुर्तादो दोनदा मागून खायचे.

विधेयक खालच्या सभागृहात पास झालं, वरच्या सभागृहात गेलं, तिथेही पास झालं. त्या संध्याकाळी काकांचा फोन आला.

"नोहेआ, काकू वाचून दाखवतेय मला. शेवटी लिहिलंय, हा कायदा तीन हजार सालच्या एक जुलैपासून लागू. छापणाऱ्याची चूक आहे का गं?"

मला हसू आलं. दर वर्षी कुणीतरी नवखा माणूस हे वाचून घाबरतोच.

"चूक नाही काका. मुद्दाम घालतात. खोटी तारीख असते ती."

"कायद्यात खोटं लिहितात?"

"विधेयक घाईत पास होऊ नये म्हणून. अशी तारीख घातली की दोन्ही सभागृहांच्या माणसांना शेवटी एकत्र बसावंच लागतं. तिथे खरी तारीख घालतात, मग पक्का कायदा."

"मग आधीच खरी घालायला काय होतं?"

"मग शेवटी बसून करतील काय?"

"अगं, मी काय आधी खोटं अळू लावतो आणि मग खरं?" काका हसले. मागून काकू ओरडल्या, "तिला म्हणावं तारीख लवकर बदला, आपल्याला एवढं थांबायला जमणार नाही."

हे मी त्यांना फसवायला सांगितलं नव्हतं. रीतच तशी आहे. ती तारीख आमच्याकडे सगळेच घालतात, सगळेच बदलतात, आणि मी तिच्याकडे बघायचंही सोडून दिलं होतं.

अधिवेशन संपायला आलं तशी मी त्या एकत्र बैठकीची वाट बघू लागले. ती लागेना. एके सकाळी दिवसभराचं कामकाज उघडलं तर आमचं विधेयक बैठकीत नव्हतंच. खालच्या सभागृहात, मतदानाला, 'वरच्या सभागृहाच्या मसुद्याशी सहमती' या सदराखाली होतं. सहमती म्हणजे जे आहे ते जसंच्या तसं मान्य, एकत्र बसायचं कारण नाही, बदल नाही. एरवी हा शब्द दिसावा म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसतो, कारण बैठकीतच निम्मी विधेयकं गतप्राण होतात. संस्थेतल्या पोरींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी मात्र मसुद्याचं शेवटचं पान उघडलं. जसंच्या तसं म्हणजे तारखेसकट.

मी धावत टेसच्या खोलीत गेले. ती आरशासमोर उभी राहून केसात फूल खोवत होती.

"टेस, थांबव हे. तारीख तशीच आहे."

तिने कागद ओढून पाहिला. दुसऱ्यांदा पाहिला. मग खुर्चीत बसली.

"फुर्तादो म्हणाला, बैठकीच्या भानगडीत विधेयक अडकेल, त्यापेक्षा मी सहमती मागतो. मी त्याचे आभार मानले गं. मिठी मारली त्याला."

"आता उभी राहा आणि सांग."

"काय सांगू? माझ्याच विधेयकाला विरोध करा म्हणून? चार महिने मी एकेकाच्या दाराशी बसलेय, आणि तूपण. वर गॅलरीत काका बसलेत. त्यांच्यासमोर मी 'नाही' म्हणू?"

"'हो' म्हटलंस तर त्यांना पाणी मिळणार नाही."

"'नाही' म्हटलं तरी नाही मिळणार," टेस म्हणाली. तिचं खरं होतं. 'नाही' म्हटलं तर विधेयक त्या दिवशीच मेलं असतं. 'हो' म्हटलं तर ते हजार वर्षं जिवंत राहणार होतं, नुसतं कागदावर.

फुर्तादो मला सभागृहाच्या दारात भेटले. गळ्यात हार, तोंडभर हसू.

"साहेब, तारीख राहिलीय."

"हो का?" ते म्हणाले. जराही दचकले नाहीत. "अरेरे. वरच्या सभागृहाचे लोक बघ, कधी नीट काम करत नाहीत. असू दे, पुढच्या वर्षी दुरुस्त करू. आजचा दिवस तरी तोंड गोड कर की."

"तुम्हाला माहीत होतं."

"बाई, मी गेली सोळा वर्षं अध्यक्ष आहे," ते मायेने म्हणाले. "कंपनीकडे माझ्या मतदारसंघातली माणसं कामाला आहेत, आणि तुझ्या म्हाताऱ्याची पोई मला आवडते. मी कुणाला दुखावलं सांग?"

ते आत गेले आणि बोलले. सुंदर बोलले. आपल्या आजीच्या हातच्या पोईबद्दल, पूर्वजांबद्दल, वाहत्या पाण्याबद्दल. एकानेही विरोध केला नाही. अळू कधी बोटाने न शिवलेले आमदारसुद्धा उभे राहिले. गॅलरीत काकू रडत होत्या. काकांनी टोपी काढून छातीशी धरली होती. मला वाटत होतं तिथेच कठड्यावरून ओरडावं, आणि मी गप्प उभी होते, कारण ते दोघं एवढे खूश होते.

बाहेरच्या चौकात काकांनी गळ्यातली मायले या सुवासिक वेलीच्या पानांची माळ काढली. पहाटे उठून वर डोंगरात जाऊन त्यांनी ती स्वतः गुंफली होती. फुर्तादोंच्या खांद्यावर ती घालून त्यांनी आमच्या रीतीप्रमाणे त्यांच्या कपाळाला कपाळ टेकलं. दोघांनी एकच श्वास घेतला. फुर्तादोंनी डोळे मिटले होते. त्या माणसाची मला एवढी किळस कधी आली नव्हती.

विमानतळावर सोडताना मी सांगितलं. गाडी उभी केली आणि सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"पण सगळे 'हो' म्हणाले," काकू म्हणाल्या.

"हो."

"एकसुद्धा 'नाही' म्हणाला नाही."

"नाही म्हणायची गरजच नव्हती, काकू."

काका पुढे बघत होते. "मी त्याला श्वास दिला," एवढंच म्हणाले आणि पेटी उचलून उतरले. मी हाक मारली, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

त्यानंतर जे झालं ते सांगायचीही लाज वाटते. राज्यपालांनी सही केली. सहीच्या समारंभाला कंपनीने माणूस पाठवला आणि पत्रक काढून कायद्याचं स्वागत केलं. आमच्या संस्थेने वर्षभराच्या कामगिरीत तो पहिल्या पानावर छापला. मी संस्थेच्या साहेबांना म्हटलं, निदान तारीख तरी छापा. ते म्हणाले, देणगीदारांना हे बारकावे कळत नाहीत. माझ्या संगणकावर विधेयकांच्या रांगेत वाईलोहीपुढे हिरवा रंग लागला, कारण पास झालेल्याला हिरवाच लागतो. दुसरा रंग द्यायची सोय नव्हती.

पुढच्या जानेवारीत टेसने एका ओळीचं विधेयक मांडलं. तीन हजार काढा आणि चालू साल घाला, एवढीच ती ओळ. समितीने ते घेतलं नाही. मी फुर्तादोंकडे खेपा घातल्या. शेवटच्या खेपेला ते जरा चिडूनच म्हणाले, "तुमचा कायदा झालाय ना? वाईलोहीचा प्रश्न सुटलेला आहे. ज्यांचा अजून झाला नाही त्यांचा विचार कर की जरा." अशा वाटाण्याच्या अक्षता लावून त्यांनी दार लोटून घेतलं. कोर्टात जायचं म्हटलं तर वकील म्हणाला, कायदा लागूच नाही, तर मोडला कुणी? आणि लागू नसलेला कायदा आहे म्हणूनच दुसरा कुणी करेना. विधेयक मेलं असतं तर दर वर्षी नव्याने मांडता आलं असतं. मेलेल्या विधेयकाला आमच्याकडे फार मान आहे.

त्या उन्हाळ्यात मी वाईलोहीला गेले. काका वाफ्यात गुडघाभर उतरून उपटत होते. पाणी कोमट होतं, हात घातल्यावर मलाही कळलं. दहांतला एखादा कंद धड निघत होता. ते न बोलता धड एकीकडे आणि सडका दुसरीकडे टाकत होते. मी मदत करायला वाकले तर म्हणाले, "राहू दे, कपडे खराब होतील." एवढं परक्यासारखं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. काकूंनी आत सामान बांधायला काढलं होतं. त्यांची लेक लास वेगासला असते, तिथल्या हॉटेलात कामाला. आमची निम्मी बेटं आता तिथेच राहतात. लागवडीचे देठ काकांनी पलीकडच्या बेटावरच्या कुणाला तरी देऊन टाकले होते. मी विचारलं, थोडे इथेच ठेवायचे नाहीत का. ते म्हणाले, "कशात ठेवू?"

वेगासहून त्यांचा फोन यायला बरेच महिने लागले. मीही केला नव्हता. काय तोंडाने करणार?

"कसं आहे तिकडे, काका?"

"उकडतं. पाणी मात्र दिवसभर असतं नळाला. लेकीच्या हॉटेलसमोर कारंजी आहेत, काकू रोज संध्याकाळी जाऊन बसते." थोडं थांबून म्हणाले, "तुझं तेच काम चालू आहे?"

"तेच."

"यंदा कुणाचं?"

"होनोउलीच्या खोऱ्यातलं. कैपो म्हणून एक आहे, तरुण आहे, दोन लहान मुलं. त्याच्याही ओढ्यावर पाट आहे."

"अळू लावतो?"

"हो. चांगलं येतं अजून."

"त्याला विचार," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "वेगासला त्याचं कुणी आहे का विचार. नसलं तर माझा नंबर दे. भाड्याची जागा आधीच बघून ठेवलेली बरी, नंतर फार महाग पडते."

मी "हो काका" म्हटलं. फोन ठेवला आणि कैपोला निरोप पाठवला की मंगळवारी सुनावणी आहे, साक्षीला ये, जमलं तर घरची पोई घेऊन ये.