चांगुणाचा इंग्रजी शब्द

"म्या माझ्या कानानं ऐकलं ना," एस.टी.त खिडकीशी बसलेल्या लेकीकडे सरकत चांगुणा म्हणाली. "पिशवीत ग्रोथ हाय म्हन्ले सायेब. बरीच मोठी हाय म्हन्ले."

"कोणाला म्हन्ले?"

"फोनवर, दुसऱ्या डाक्टरला. मंग मला म्हन्ले, बुधवारी हिच्या घरच्यांना घिऊन या. आता घरच्यांना कामून बोलवतेत, तूच सांग."

बेबीनंदा बाहेर बघत राहिली. जालना मागे पडलं तशी हळूच म्हणाली, "पन आई, मला तर अंगावरून जाऊन राह्यलं."

"जातं कोणाकोणाला. तुझ्या येळंला मला बी गेल्तं."

तसं काही गेलं नव्हतं. पण लेकीचा चेहरा इतक्या वर्षांनी जरा उजळू पाहत होता, तो पुन्हा विझू द्यायची चांगुणाची छाती झाली नाही.

बदनापूरजवळच्या शेतकी संशोधनाच्या मळ्यावर ती बावीस वर्षं रोजानं खपत होती. साहेब लोक तुरीच्या ओळींतून पट्टी घेऊन फिरत. रोप तरारलेलं दिसलं की म्हणत, ग्रोथ चांगली आहे. खुरटलेलं दिसलं की, याला ग्रोथ नाही, उपटा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या चांगुणाला इंग्रजीतला एवढा एकच शब्द यायचा. पण तो तिचा हक्काचा होता. कुणी नातवंडाला कडेवर घेऊन मळ्यावर आलं की ती गाल ओढून म्हणायची, "ग्रोथ हाय बरं पोराला!" त्यावर शेजारच्या ओळीत खुरपणारी गिरिजाबाई खुरपं आपटून हसायची, "आली बाई मडम इलायतेची!"

बेबीच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. पोट दुखतं म्हणून माहेरी धाडताना तिच्या सासूनं, मालनबाईनं, स्पष्टच सांगितलं होतं, "दवाखान्यात पोटुशी निघाली तर आणून घाला. न्हाईतर ऱ्हाऊ द्या तिकडंच."

म्हणून रविवारी चांगुणा स्वतः अंबडकडे त्यांच्या गावी गेली. मालनबाईनं आधी नुसताच जयभीम घातला. चांगुणानं बातमी सांगितली तशी बाजेवर गोधडी अंथरली गेली, चहात दूध जास्तीचं पडलं.

"पक्कं ना, ईनबाई? डाक्टर सोता बोलला?"

"इंग्रजीत बोलला."

त्यावर मालनबाईला पुढं काही विचारावंसं वाटलं नाही.

बुधवारी बेबीचा नवरा देवानंद इस्त्रीचा शर्ट घालून आला. मालनबाईनं सुनेसाठी पदरात आंबट बोरं आणली होती. चौघं दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसली. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला.

"गाठ आहे. पिशवीसकट काढावी लागेल. उद्याच करू. आणखी थांबलात तर जिवाला धोका आहे."

चांगुणा खुर्चीच्या कडेवर आली.

"सायेब, तुमी तर ग्रोथ म्हन्ले व्हते."

"हो मावशी. ग्रोथच. नको तिथं वाढलेली."

"म्हंजी... चांगली न्हाई?"

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "नाही, मावशी."

व्हरांड्यात आल्यावर मालनबाई उसळली. "इंग्रजीत बोलला म्हन्ल्या व्हत्या! साऱ्या गल्लीत सांगून बसले की मी! आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

"अय, चूप बस तू," देवानंद म्हणाला. बायकोकडे न बघता त्यानं चपला सरकवल्या. "घरी इचारून येतो. सांजेलोक येतोच."

मालनबाई आणि तो गेटाबाहेर पडेपर्यंत बेबी त्याच्या पाठमोऱ्या शर्टाकडे बघत होती. सांज झाली, अंबडची शेवटची गाडीही येऊन गेली. देवानंद आला नाही. सिस्टर कागद घेऊन आली.

"नवऱ्याची सही लागते."

"माझा अंगठा घ्या," चांगुणा म्हणाली. "पोरगी माझी हाय."

सिस्टरनं दोघींकडे पाहिलं आणि शाईचं पॅड पुढं केलं.

चांगुणा पदराला बोट पुसत राहिली. "चुकलं गं बेबे माझं," एवढंच तिला म्हणता आलं.

बेबीनं तिचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. "आई, काढल्यावर दाखवतेत का गं?"

"काय?"

"तेच. म्या आठ दिवस बोलले त्याच्याशी. तू मळ्यावर गेली की दुपारचं बोलायचे."

चांगुणानं हात अलगद सोडवून घेतला. मग उठली, पदर सारखा केला आणि सिस्टरांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काय पाहिजे, मावशी?"

"एक इचारायचं व्हतं," चांगुणा म्हणाली. "उद्या लेकीच्या पोटातून काढाल ना, ते..."

सिस्टर हातातलं काम थांबवून वाट बघत राहिली. त्याला काय म्हणावं, ते चांगुणाला सुचत नव्हतं.