अंगठ्यापर्यंतची रेघ

चिमाजी पैलवानानं कानाखाली दुसरी वाजवली तेव्हा डॉक्टर मोतीराम उलट खूश झाले. गाल चोळत त्यांनी विचारलं, "मुंग्या कुठवर गेल्या?"

चिमाजीच्या अंगठ्यात अजून सुई उभी होती.

डॉक्टर आगबोटीवरची नोकरी संपवून शांघायहून आले होते. येताना एका नागड्या माणसाचं चित्र आणलं होतं, अंगभर रेघा मारलेलं. त्यातली एक रेघ छातीपासून थेट अंगठ्यापर्यंत जाते आणि फुप्फुसाचा वारा तिच्यातून वाहतो, असं चिनी वैद्य म्हणतात. ते खरं की खोटं, हे जुनाट दमेकऱ्यांवर तपासायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. अख्ख्या नाशकातले खोकणारे त्यांच्या पंचवटीतल्या ओट्यावर जमत. औषध फुकट, मार डॉक्टरांना.

इब्राहिम पिंजारी नदीपलीकडून, कथड्यातून आला होता. जन्मभर कापूस पिंजून छातीचीच गादी झालेली. रजयांचे दिवस तोंडावर, आणि पिंजायची कमान जरा वाजवली की धाप. बायको, गुलजारबी, म्हणे मी पिंजते. तो म्हणे, मी जिवंत आहे तोवर कमान माझ्याच हातात.

डॉक्टरांनी त्याच्या हातावर शाईनं रेघ ओढली, मनगटाच्या वर बोट दाबून वारा इथं अडलाय असं सांगितलं आणि सुई आणायला आत गेले.

इब्राहिमला सगळं उमगलं. कमानीला ताणून बांधलेल्या तातीत कापूस गुंतला की आवाज बसतो. मग त्याच जागी लाकडी दस्ता हाणायचा. कापूस उडतो, तात बोलायला लागते. एवढ्यासाठी सुई कशाला? दस्ता पिशवीत होताच. त्यानं तो चिमाजीच्या हातात दिला.

"पैलवान, इथं हाण."

"मोडंल की, चाचा."

"तात मोडती का कधी? हाण."

चिमाजीनं बेतानं हाणला. इब्राहिमला ठसका लागला, भला मोठा बेडका पडला, छाती हलकी झाली. ओटा वाहवा म्हणाला.

"आता पैलवानासारखा हाण."

या खेपेला आवाज आला तो हाडाचा. इब्राहिम असा लांबलचक ओरडला की डॉक्टर धावत बाहेर आले. "एवढा दम! कुणी टोचलं?"

घाबरलेल्या चिमाजीनं तिसरी वाजवली. डॉक्टरांनी पितळी पिकदाणी फेकली, ती भलत्याच्याच कपाळावर आदळली, आणि ओटा पेटला. पण सगळेच दमेकरी. दोन गुद्दे झाले की गुडघ्यावर हात टेकून धापा टाकायच्या. ज्याला आधी दम येई तो आधी मारी. एकानं दुसऱ्याची मानगूट धरली होती, त्याला ढास लागली तर धरणाराच पाठ चोळत होता. शेवटी डॉक्टरांचे दोन दात पडले आणि सगळ्यांचाच श्वास संपला.

मनगटावरचं हाड वाकडं बसलं. मूठ वळेना. गल्लीत इब्राहिमनं सांगितलं, घाटावर पाय घसरला, आता बरं आहे.

थंडीत गुलजारबीनं खुंटीवरची कमान काढली. येणारेजाणारे आवाज ऐकून म्हणत, इब्राहिमभाईचा हात अजून तसाच चालतो. बाहेर चांगलं ऊन असे, मोकळी हवा असे. पण कमान वाजत असताना आपण कुणाला बाहेर दिसू नये म्हणून तो दार ओढून घेई, आणि उडत्या कापसात, तिच्या शेजारी, तोंडावर रुमाल दाबून बसून राही.