शेवटची खुर्ची

लातुरात नळ कोरडे पडले त्या वर्षीची गोष्ट. येशूने शिष्यांचे पाय धुतले म्हणून पवित्र गुरुवारी आमच्या चर्चात पाळक, म्हणजे माझे यजमान, चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांना ओळीनं खुर्च्यांवर बसवून त्यांचे पाय धुतात. त्या वर्षी पाणी मात्र एकच परात होतं. सगळ्यांचे पाय त्यातच.

पाळकांनी उपदेश केला, "ज्याला मोठं व्हायचंय त्यानं शेवटचं व्हावं." झालं. पंचांपैकी कोचिंग क्लासवाले शमुवेलराव आणि निवृत्त हेडमास्तर याकोबराव, दोघंही शेवटच्या खुर्चीसाठी अडून बसले.

"तुम्ही आधी."

"न्हाई, तुम्हीच आधी."

पाळक वैतागले. "पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा, असंबी शास्त्रात लिहिलंय. बसा." कुणी हललं नाही.

माझं डोकं फिरलं. "अहो, पहिले तुम्हीच बसा. मी धुते."

"पाळक मी हाय."

"घरात कुणाची आज्ञा चालते, ते सांगू का सगळ्यांना?"

मंडळी हसली. पाळक पहिल्या खुर्चीवर बसले.

सकाळीच ते घागर घेऊन टँकरमागं अनवाणी पळाले होते. त्यांचे पाय बुडताच परातीतलं पाणी काळं झालं. ते बघून पंचांची नम्रता तिथंच आटली. पाणी आणखी घाण व्हायच्या आत नंबर लागावा म्हणून दोघंही दुसऱ्या खुर्चीवर तुटून पडले.

शेवटची खुर्ची मोकळीच राहिली. मी पदर खोचून तिच्यावर बसले आणि पाळकांच्या हातात टॉवेल दिला.

"आता माझे धुवा."