एल्स्टरच्या पाण्याची नोटीस

एल्स्टर गावच्या पाणीपुरवठ्याचे कागद मी एकोणीस वर्षं सांभाळले. गाव केवढं, तर एकसष्ट नळजोड. एक खोल बोअर, एक उंच टाकी आणि मक्याच्या शेतांमधून घराघरात गेलेले पाइप. पंप आणि पाण्याचे नमुने ऑर्व्हिल स्टेनबर्ग बघायचा. वय बहात्तर, गुडघे गेलेले. तो बाटल्या भरून प्रयोगशाळेत पाठवायचा, आकडे आले की मी ते सरकारला कळवायचे.

आमची अडचण नायट्रेटची. मक्याला घातलेलं खत जमिनीतून झिरपत खाली जातं. मर्यादा लिटरमागे दहा मिलिग्रॅमची, आमचा आकडा वर्षानुवर्षं आठ-नऊवर अडकलेला. त्या मे महिन्यात प्रयोगशाळेतून फोन आला, एकोणीस.

अशा वेळी चोवीस तासांत प्रत्येक घराला कळवावं लागतं. मोठ्या माणसांना सहसा काही होत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात मात्र प्राणवायू धरून ठेवण्याची ताकद उरत नाही, बाळ निळं पडतं. आणि हे पाणी उकळायचं नाही. उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट जास्तच दाट होतं.

मी नोटिशी छापत होते तेव्हा ऑर्व्हिल शेजारी बसून कॉफी पीत होता.

"दारोदार कशाला हिंडतेस, आर्डिथ? पोस्टाच्या दारावर एक चिकटव. या गावात तान्हं आहे तरी कोण? सगळ्यात लहान बहुतेक मीच."

मला माहीत होतं, एक होतं. धान्याच्या कोठारांपलीकडे पत्र्याच्या फिरत्या घरात ग्वाटेमालाचं एक जोडपं राहायला आलं होतं, गास्पार आणि पेत्रोना त्झोक. दोघंही मांसाच्या कारखान्यात कामाला. पेत्रोना बाळंतपणानंतर पाचव्या आठवड्याला कामावर गेली होती, त्यामुळे मुलीला डब्यातली दुधाची भुकटी पाण्यात कालवून द्यायची.

म्हणून मी सगळ्यात आधी तिथेच गेले. दार पेत्रोनानं उघडलं. कडेवर मुलगी, निकोलासा, दोन महिन्यांची, डोक्यावर काळंभोर जावळ. नोटिशीच्या तळाशी स्पॅनिशमध्ये एक ओळ होती, ही सूचना महत्त्वाची आहे, कुणाकडून तरी समजून घ्या. तिला वाचता येत नव्हतं. स्पॅनिशही तिची नव्हे. त्यांची भाषा किचे, डोंगरातली. मी नळाकडे बोट दाखवलं, मग बाळाकडे, आणि जोरजोरात मान हलवून नाही नाही केलं. तिच्या चेहऱ्यावर भीती आली. म्हणजे कळलं असं मी धरलं.

मग तिनं शेगडीवरची किटली उचलून मला दाखवली आणि काहीतरी विचारलं. मला वाटलं, चहा-कॉफी घेणार का म्हणतेय, किंवा मोठ्यांनी प्यायलं तर चालेल का. माझी अजून साठ घरं राहिली होती. मी हसले, मान डोलावली आणि पायऱ्या उतरले.

संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांत नोटीस गेली. मी वेळ लिहिली, सही केली, कागद फाइलला लावला.

सहाव्या दिवशी सकाळी कोठारांकडे रुग्णवाहिका गेली. दुपारी ऑर्व्हिल ऑफिसात आला, टोपी काढून हातात धरून उभा राहिला. मुलीचे ओठ आणि नखं निळी पडली होती, म्हणाला. पन्नास मैलांवरच्या इस्पितळात नेलीय. आई पाणी पुन्हापुन्हा उकळत होती, चांगलं अर्ध्यावर येईपर्यंत. बाळासाठी स्वच्छ व्हावं म्हणून.

तिची किटली मला तेव्हा कळली.

आठवड्याभरात सरकारी तपासनीस आला. भला माणूस होता. फाइल चाळून म्हणाला, एवढ्या लहान गावात इतकं चोख काम क्वचित दिसतं. मी त्याला किटलीचं सांगितलं, मान डोलावल्याचंही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला की तुम्ही स्वतः गेलात हेच पुष्कळ, आणि अहवालात लिहिलं, 'प्रत्यक्ष भेटून कळवण्यात आलं.'

निकोलासा अकराव्या दिवशी घरी आली. मी पाण्याचे सीलबंद कॅन घेऊन गेले. तिथे पेत्रोनाची चुलतबहीण होती, तिला इंग्रजी येत होतं. मी तिला म्हटलं, मी जे बोलेन ते जसंच्या तसं सांग.

पेत्रोनानं आधी विचारलं, "उकळून देऊ का, असं मी विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात ना?"

"हो म्हणाले."

"उकळायचं नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं. तू काय विचारतेस तेच मला कळलं नाही. आणि समजून घ्यायला मी थांबले नाही."

बहिणीनं भाषांतर केलं. पेत्रोना बराच वेळ बोलत राहिली, आवाज न चढवता, मुलीच्या पाठीवरून हात फिरवत. बहीण ऐकत होती, मध्येच माझ्याकडे बघत होती. शेवटी मला एवढंच म्हणाली, "ती म्हणते, आता जा."

जुलैमध्ये पाण्याचा वार्षिक अहवाल घरोघर पाठवायचा होता. त्यात नायट्रेटचं लिहिणं भागच होतं. त्याखाली मी एक ओळ घातली, की गावातलं एक बाळ या पाण्यानं आजारी पडलं. गावच्या पाणी मंडळाच्या अध्यक्षांनी ती वाचली आणि म्हणाले, कायदा एवढं मागत नाही, आणि त्या कुटुंबालाही उगीच चर्चा नको असेल. दुसरं कारण मला पटल्यासारखं झालं. खरं तर मला तेच हवं होतं. मी ओळ काढली आणि एकसष्ट पाकिटं टपालात टाकली.

ऑगस्टमध्ये ते जोडपं दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात निघून गेलं. जाताना कुणाला पत्ता दिला नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडला असेल, म्हणून मूल बसायला कधी लागतं, नजर धरतं का, याकडे लक्ष ठेवा असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, हे मला त्या बहिणीकडून कळलं. पुढचं तिनं सांगितलं नाही, आणि थोड्या दिवसांनी तीही कारखाना सोडून गेली.