नाव एकीचं, रक्त दुसरीचं

जुनी म्हणा, विसरलेली म्हणा, मी एक रक्ताची नळी आहे. बोटाएवढी, प्लास्टिकची, जांभळ्या टोपणाची. सात वर्षं एका प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये उभी होते. मित्रांनो, थंडीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पोटातल्या रक्ताची. ते गोठलं, पण गप्प बसलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारख्या हजारो रोज निघतात, त्यामुळे त्याचं कौतुक सांगत बसत नाही. खरी सुरुवात झाली ती रक्तवाल्या बाईंच्या टेबलावर. त्यांचा हात इतका हलका, की सगळे वाहवा करायचे. खोड एकच होती. गर्दी असली की नावाच्या चिठ्ठ्या त्या नळ्यांवर आधीच चिकटवून ठेवायच्या.

अशाच गर्दीच्या एका सकाळी एक आई दोन मुलींना घेऊन आली. मुलींच्या बाबांना सीलिअ‍ॅक होता. या आजारात गव्हाचं काही खाल्लं की आतडं आतून झिजत जातं. हा धोका मुलींच्या जनुकांत उतरलाय का, ते रक्तावरून बघायचं होतं. माझ्यावर धाकटीचं नाव होतं. पण सुई पाहताच धाकटीने भोकाड पसरलं.

"आधी माझं काढा," नऊ वर्षांची ताई म्हणाली आणि खुर्चीत जाऊन बसली. "बघ गं, काही दुखत नाही."

बाईंनी हाताला आली ती पहिली नळी उचलली. ती मी होते. ताईचं ऊन ऊन रक्त माझ्यात उतरलं आणि मग ताईच्या नावाच्या नळीत धाकटीचं. मला ओरडून सांगायचं होतं, पण नळीला तोंड असतं, जीभ नसते.

अहवाल आला. धोक्याचं जनुक धाकटीत आहे, ताईत नाही, म्हणजे ताईला हा आजार होणं जवळपास अशक्य. "चला, एकीची तरी काळजी मिटली," आई म्हणाली म्हणे. मग धाकटीची दर वर्षी तपासणी व्हायची आणि दर वर्षी ती ठणठणीत निघायची.

तिसऱ्या वर्षी माझ्या शेजारी एक नवी नळी आली. तिच्यावर ताईचं नाव होतं आणि आत फिकट, पाणचट रक्त. माझ्या पोटात काहीतरी हललं. दगडासारखं गोठलेलं रक्त हलतं कसं, ते मला विचारू नका. "ही मीच आहे," ते म्हणालं.

"खाल्लेलं अंगी लागत नाही," शेजारून उत्तर आलं. आवाज तोच होता.

त्यानंतर दर काही महिन्यांनी ताईची नळी यायची, आधीपेक्षा फिकी. एकाच आवाजात सगळ्या कण्हायच्या. मला भारी भीती वाटायची. डॉक्टरांनी सगळं तपासलं, सीलिअ‍ॅक सोडून. तो तर कागदावर कधीच बाद झाला होता. अंगात ताकद येऊ दे म्हणून आई तिच्यापुढे रोज जास्तीचा पाव ठेवायची.

काल ताई आईबरोबर पुन्हा आली.

"सात वर्षांपूर्वीचं आठवतं तुम्हाला?" ती बाईंना म्हणाली. "धाकटी रडत होती, म्हणून तिच्या आधी मी बसले होते."

"तिच्या आधी?" बाईंनी विचारलं आणि हातातली सुई खाली ठेवली.

त्या फ्रीजरपाशी आल्या. मला काढून त्यांनी माझ्यावरचं नाव वाचलं, मग पायाशी असलेल्या केराच्या डब्याकडे पाहिलं. त्यात टाकलं असतं तर कुणाला कधीच कळलं नसतं. पण त्यांनी डबा पायाने बाजूला सारला. मग मला घेऊन बाहेर आल्या.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "नाव धाकटीचं, पण रक्त बहुतेक हिचं आहे. सगळं पुन्हा तपासू. आजच."

आईने ताईला जवळ ओढलं. "मी तिला रोज पाव खाऊ घातला हो," ती म्हणाली.

मित्रांनो, रक्त दिलंत की लगेच उठू नका. आपलं नाव सांगा आणि चिठ्ठी डोळ्यांदेखत लावून घ्या. एवढं आमच्यासाठी नाही, स्वतःसाठी करा.

ताईने मला हातात मागून घेतलं. सोळा वर्षांच्या मुलीची ती मूठ अगदी लहान होती. तिच्या उबेने आतलं रक्त वितळलं आणि त्या नऊ वर्षांच्या आवाजात विचारू लागलं, "तू अजून माझ्याएवढीच कशी?"