बद्द वाजलेला पाटा

"वळणाक गाडी अशी कलता, की आत बसलेल्यांक देवाचा नाव घेवचा लागता," बसमालक गुरुदास म्हणाला. "आज दुपारी पेडण्याक भरून जावची आसा. काय ता स्वस्तात कर."

सगुण मेस्त्री बसच्या मागच्या चाकापाशी उताणा पडला होता. तो गुरुदासचे ओठ दिसावेत म्हणून आधी बाहेर सरकला.

"टपार कितके बसयतात?"

"पुनवेक मोजूक खय गावता? चाळीस, पन्नास."

"ते खाली उतरया. गाडी डुलाची नाय. ह्याच्यापेक्षा स्वस्त उपाय माझ्याकडे नाय."

गुरुदास हसला. ड्रायव्हर बाबलीही हसला. सगुण हसला नाही, कारण तो विनोद करत नव्हता.

साल एकोणीसशे त्र्याऐंशी, पेडण्याच्या पुनवेच्या जत्रेचा दिवस. डिचोलीच्या बाहेर, साखळीच्या रस्त्याला, सगुणचं पत्र्याचं दुकान होतं. समोरून दिवसभर खाणीचे ट्रक जात आणि पत्रा, चूल, पाण्याचं पिंप, सगळं लाल होई. मालक लोकांना गाडी डुललेली चालत नाही. माणसं टपावर बसलेली चालतात. नवे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, घालायचे म्हटलं की त्यांचं तोंड कडू होतं. मग ते सगुणकडे येतात. कुणाला अ‍ॅक्सलवर टायरचे तुकडे कोंबून हवे असतात. कुणाला सगळे पाटे क्लिपा मारून एवढे घट्ट बांधून हवे असतात की गाडी स्प्रिंगवर नाही, दगडावर बसल्यासारखी चालावी. खड्ड्यात म्हातारीचं कंबरडं मोडलं तर ते म्हातारीचं. गाडी वळणावर सरळ उभी दिसली की झालं.

सगुणला त्यातलं सगळं येत होतं. पण त्याचं नाव झालं होतं ते खाणीच्या मोडीतल्या ट्रकांच्या पाट्यांनी. जाड पोलाद. भट्टीत तापवायचं, ठोकून बाक द्यायचा, तेलात बुडवायचं. आणि मग वाजवायचं. साखळीला पाटा टांगून सगुण त्यावर हातोडी मारी आणि डोळे मिटून उभा राही. चांगला पाटा देवळातल्या घंटेसारखा लांबपर्यंत बोलतो. आत केसाएवढी चीर असेल तर बद्द वाजतो आणि तिथंच गप्प होतो. सगुणनं "हूं" म्हटलं की पाटा गाडीत जाई, मान हलवली की भंगारात. वाळपईपासूनचे ड्रायव्हर ते बघायला थांबत. सगुणनं वाजवलेला पाटा तुटला असं अजून कुणी म्हणालं नव्हतं.

एकतीस वर्षं ठोकाठोक करून त्याचा उजवा कान कधीच गेला होता. डावा चार वर्षांपासून जात होता. माणूस समोर उभा राहून बोलला तर कळे. हातोडीचा ठोका लागे, पण मागून येणारा तो लांब, बारीक सूर येत नव्हता. हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. पाट्याला तळहात लावून थरथर बघायची, आणि हूं म्हणायचं.

आजही तसंच झालं. मागच्या दोन्ही बाजूंचे दमलेले पाटे काढून एकेक जाड पाटा घालायचा होता. दोन पाटे टांगले, वाजवले. हाताला दोन्ही सारखेच लागले. डोळे मिटून तो दोनदा हूं म्हणाला. पाटे चढले, यू-बोल्ट आवळले. बस ताठ उभी राहिली. गुरुदासनं नारळ फोडला, वाटेच्या राखणदार देवाला रक्षणाचं गाऱ्हाणं घातलं आणि गाडी भरायला स्टँडवर गेली.

त्याची बायको विमल पेजेचं ताट घेऊन आली. खाली पडलेले जुने पाटे तिनं बघितले, मग इकडेतिकडे बघितलं.

"दुसरो पाटो खय?"

"खयचो दुसरो?"

"मगाशी वाजवलात त्यातलो. पयलो बरो वाजलो. दुसरो बद्द."

सगुणचा घास हातातच राहिला. "गाडीक घातलंय. डावीकडे."

"घातलात?" ती त्याच्या समोर येऊन बसली. "माका वाटला, तुमी तो भंगारात टाकतलात."

"तुका काय कळता त्यातला?"

"कळणा नाय. पण ऐकाक येता," विमल म्हणाली. "भिंतीपलीकडे चूल माझी. वीस वर्षा ऐकतंय. बद्द वाजलो की तुमी मान हलवतात, ता पण दारातसून बघतंय. आज हलवली नाय."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिनं नजर काढून घेतली नाही. मग अगदी हळू, ओठ नीट हलवत तिनं विचारलं, "कधीपासून?"

सगुणनं ताट बाजूला सारलं आणि तो पळत सुटला.

पंचावन्न वर्षांचा माणूस, पायात टायरच्या चपला. डोळ्यांसमोर पेडण्याच्या वाटेवरची अस्नोड्याकडची वळणं. टपावर पन्नास माणसं, गाडी डावीकडे कलते, सगळा भार त्या एका पाट्यावर येतो. तो तिथं तुटला तर गाडी उजवीकडे परत यायची नाही.

स्टँडवर बस भरली होती. टपावर पाय लोंबत होते. इंजिन चालू होतं, मागच्या दारातून कुणी अजून एकाला आत ढकलत होतं. सगुण पुढं जाऊन रेडिएटरच्या जाळीला हात टेकून उभा राहिला.

"बाबली, बंद कर गाडी."

"काय विसारलात, मेस्त्री?"

"यू-बोल्ट सैल रवलो." ही थाप होती. नाव वाचवायची शेवटची.

गुरुदास दारातून उतरला. "पेडण्यात आवळतले. बाजूक हो."

"पेडण्याक पोचाक व्हया मां. डावो पाटो बद्द आसा."

"बद्द? मी थय उभो हुतंय. तूच वाजवलंस, तूच हूं म्हटलंस. आता माणसा चढल्यार बद्द झालो?" गुरुदास आजूबाजूच्या ड्रायव्हरांकडे बघून म्हणाला, "कोणी दुसऱ्या बसवाल्यान पाठवल्यान काय रे तुका?"

दोघेतिघे हसले. बाबलीनं गिअर टाकला. बंपर सगुणच्या मांडीला लागला. आता खोटं बोलायला जागा उरली नव्हती.

"माका ऐकाक येणा नाय," सगुण म्हणाला.

"काय?"

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. सगुणचा आवाज टपावरच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. "माका ऐकाक येणा नाय. चार वर्षा झाली. पाटे वाजवतंय, पण ऐकणा नाय."

बाबलीनं इंजिन बंद केलं.

बाजूच्या ट्रकचा ड्रायव्हर विठू हातातला चहा विसरून पुढं आला. "आणि माझ्या ट्रकाचे? पावसाआधी घातलंस ते?"

"तेय काढून बघ."

"फटकिऱ्या, फसयलंस माका." विठू तेवढंच म्हणाला. त्याची रोजची वाट खाणीच्या उतारावरची होती.

"नारळ फोडलो, गाऱ्हाणा झाला," गुरुदास बसच्या दारात हात आडवा धरून उभा राहिला. "कोणी उतरूचा नाय. देवाक सांगून निघालंव."

"देवाक सांगलात," सगुण म्हणाला. "त्या पाट्याक कोणी सांगूक नाय."

आतून पद्मावती नावाची एक म्हातारी ओटीची परडी डोक्यावर धरून उठली. तिनं गुरुदासचा हात बाजूला केला. "सर रे. आपल्या पोटार आपणच पाय दिलो, तो मनीस खोटा बोलाचो नाय." ती उतरली. मग बायका उतरल्या, मग पोरं, आणि सगळ्यात शेवटी, कुरकुरत, टपावरचे.

रिकामी बस दुकानाकडे परत आली. मागून विठूचा ट्रक, त्याच्यामागून आणखी दोन. सगुणनं डावा पाटा उतरवला आणि साखळीला टांगला. मग हातोडी बाबलीच्या हातात दिली.

"तू मार."

बाबलीनं मारली. सगुणला ठोका कळला, पुढचं काही नाही. त्यानं माणसांची तोंडं बघितली. विठूनं मान खाली घातली. गुरुदास रस्त्याकडे बघू लागला. बाबलीनं हातोडी खाली ठेवली. सगुणनं रॉकेलच्या फडक्यानं गंज पुसला. मधल्या भोकाच्या कडेला केसाएवढी काळी रेघ होती.

त्या दिवशी त्यानं विठूचे पाटेही उतरवले. ते चांगले निघाले. तरीही विठूनं ते परत बसवून घेतले नाहीत; उचलले आणि दुसरीकडे घेऊन गेला. गुरुदासनं पुढच्या आठवड्यात म्हापशाहून पाटे घातले. टपावर माणसं होती तेवढीच बसत राहिली.

दीड महिना दुकानात कुणी आलं नाही. भट्टी थंड. मग एका सकाळी बाबली एकटाच आला. त्याच्या मेव्हण्याच्या टेम्पोला पाटा हवा होता. सगुणनं मोडीतले दोन पाटे तापवले, ठोकले, तेलात घातले, त्यातला एक साखळीला टांगला. हातोडी उचलली. पण डोळे मिटले नाहीत. तो चुलीच्या खोलीच्या दाराकडे वळून उभा राहिला.

विमल हात पुसत दारात आली. बाबलीनं विडी विझवली. रस्त्यावरून ट्रक जात होते. ते जाईपर्यंत तिघं थांबले.

सगुणनं हातोडी मारली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

विमलनं मान हलवली.

त्यानं पाटा काढला, भंगारावर टाकला आणि दुसरा टांगला.