गुडघ्याची जागा

"पडलीस तरी चालेल, चेंडू पडता कामा नये!"

सरांचा तो आवाज तिच्या कानातून कधी गेलाच नाही. व्हॉलीबॉलचा सामना होता, ती पडली, चेंडू वर राहिला. गुडघा मात्र त्या सिमेंटवर निखळला तो कायमचाच.

पुढल्याच महिन्यात विद्यापीठाच्या त्या क्रीडागृहात लाकडी जमीन बसली. पोरी म्हणाल्या, "हिच्या गुडघ्यानं आणली." मग रीतच पडली. संघात आलेल्या नव्या मुलीनं, ही पडली होती त्या जागी हात लावायचा, मगच खेळायला उतरायचं. पुढे तिचं लग्न जमलं नाही, नोकरी टिकली नाही, जिने चढणं सुटलं. ती लंगडत राहिली, पण तिची गोष्ट धावत राहिली.

आता लाकूडही उखडलं. निळं रबर आलं, गार हवेची यंत्रं आली, गुण झळकवणारा भलामोठा पडदा आला. दारातल्या भिंतीवर वास्तूचा इतिहास लागत होता. आधी धान्याचं गोदाम, मग पत्र्याचं छप्पर, मग सिमेंट, मग लाकूड. तिनं भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली. आपण कुठेच नाही.

थोरली बहीण इथली क्रीडाप्रमुख. त्या सामन्यात कर्णधारही तीच होती.

"ताई, लाकडाच्या फोटोखाली माझी एक ओळ लाव ना."

"काय लावू? इथे एक बाई पडली?"

शिडीवरचा रंगारी फिसकन हसला.

"बरं, रबरावर एक गोल तरी काढ. पोरी हात कुठे लावतील?"

"चेंडूला लावतील. अगं, किती वर्षं तेच दळण! आईनं ऐकलं, बाबांनी ऐकलं, माझ्या सासरच्यांनीही ऐकलं. तुझा गुडघा म्हणजे घरातलं जास्तीचं माणूस झालंय. तो ठणकला की सगळ्यांनी गप्प बसायचं."

"हसून घे. पण माझ्यामुळे लाकूड आलं, पुढच्या पोरी वाचल्या. एवढं तरी खरं ना?"

ताईनं चष्मा काढला, रुमालानं सावकाश पुसला. रंगाऱ्याला म्हणाली, "तू जरा चहा पिऊन ये."

तो गेल्यावर ती बहिणीकडे वळली.

"नाही. लाकूड तू पडायच्या आधीच आलं होतं. मागच्या खोलीत रचलेलं होतं. उद्घाटनाला बड्या पाहुण्यांची तारीख मिळेना, म्हणून बसवलं नव्हतं. सामन्याच्या सकाळी त्याच फळ्यांवर बसून मी बूट बांधले."